हॉटेल म्हणजे वाडा: पॅरिसच्या कार्नाव्हाले म्युझियममध्ये फिरताना सुचलेलं

पॅरिसला जाणाऱ्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट, लूव्हरमध्ये मोनालिसासमोरची गर्दी, मुलं असतील तर डिस्नेलँड, आणि रोज संध्याकाळी 'इथे व्हेज कुठे मिळेल' हा शोध. टूरवाल्यांच्या कागदावर कार्नाव्हाले म्युझियम सहसा नसतं. वास्तविक तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. फुकट असूनही आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत म्हणजे बघा!

मी मुद्दाम गेलो. आवडलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हापासून डोक्यात पॅरिस कमी आणि आपल्या पेठा जास्त फिरतायत. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. हे म्युझियम ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'ओतेल कार्नाव्हाले'. ओतेल म्हणजे हॉटेलच, पण राहायचं लॉज नव्हे. सरदार, न्यायाधीश, सावकार यांची शहरातली मोठी घरं असत, त्यांनाही फ्रेंचमध्ये ओतेलच म्हणतात. महापालिकेची इमारत 'ओतेल द व्हील'. मग आपल्याकडे याला नेमका शब्द कोणता? वाडा. आणि हे मी ओढूनताणून म्हणत नाही. रचनाच बघा. रस्त्याच्या बाजूला भक्कम दरवाजा, आत गेलात की चौक, चौकाच्या पलीकडे मुख्य घर, त्याच्या मागे बाग. ज्याने लहानपणी एक तरी वाडा पाहिलाय त्याला त्या दारातून आत शिरताना परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथे लाकडाऐवजी दगड आहे.

हा वाडा बांधायला घेतला १५४८ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून ब्याऐंशी वर्षं होती. बांधणारा जाक दे लिन्येरी हा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांपैकी एक. इटलीतल्या रेनेसान्सचं वारं तेव्हा फ्रान्समध्ये शिरलं होतं, आणि पैसेवाल्यांना त्याच धर्तीची घरं हवी होती. चौकातल्या भिंतीवर चार ऋतूंच्या चार मूर्ती कोरल्या आहेत, वर त्यांच्या राशी. त्या जां गुजों या शिल्पकाराच्या हाताखालच्या समजल्या जातात. पॅरिसमध्ये रेनेसान्स काळातले वाडे आता फार थोडे उरलेत, त्यातला हा एक.

नावाची गोष्टही आपल्या ओळखीची वाटेल. १५७८ मध्ये हा वाडा एका ब्रेतों सरदाराच्या विधवेने विकत घेतला. आडनाव होतं केर्नेव्हेन्वा. पॅरिसच्या लोकांना ते काही उच्चारता येईना. तोंडात घोळून घोळून त्याचं झालं कार्नाव्हाले, आणि तेच कागदोपत्री चिकटलं. पुढे १६६० च्या सुमारास फ्रांस्वा मान्सार या नामवंत वास्तुविशारदाने त्यात फेरफार केले. आणि १६७७ पासून १६९६ पर्यंत इथे एक बाई राहिल्या, ज्यांची मुलीला लिहिलेली पत्रं आज फ्रेंच साहित्यात अभिजात मानली जातात. मादाम द सेव्हिन्ये. आज समोरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

आता लक्षात ठेवा, या मादाम सेव्हिन्ये वाड्याच्या मालक नव्हत्या. भाडेकरू होत्या! ज्याने बांधला त्याचं नाव आज अभ्यासकांना माहीत. भाड्याने राहिलेल्या बाईंचं नाव रस्त्याला. वाड्याचा इतिहास फक्त मालकाच्या सातबाऱ्यात नसतो हे यातून कळतं. आपल्याकडे हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

आत काय आहे? तर फक्त पॅरिस आहे. जगभरातून आणलेल्या ममी नाहीत, ग्रीक देव नाहीत. एका शहराने स्वतःबद्दल जपून ठेवलेल्या वस्तू, सव्वासहा लाखांच्या आसपास. त्यातल्या साधारण ३,८०० मांडलेल्या आहेत. बर्सी भागात खोदकाम करताना सापडलेल्या नवाश्मयुगातल्या लाकडी होड्या आहेत. शेवटच्या आजारपणापर्यंत जिथे पडून लिहिलं तो मार्सेल प्रूस्तचा पलंग आहे. अल्फोन्स मुखाने १९०१ मध्ये सजवलेलं फुके सराफाचं दुकान आहे. दुकान म्हणजे दुकानाचा फोटो नव्हे. अख्खं दुकान उचलून आणून पुन्हा जोडलंय.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो दुकानाच्या पाट्यांच्या दालनात. लोखंडाच्या, लाकडाच्या, रंगवलेल्या पाट्या. कुलूपवाल्याची भली मोठी किल्ली, कात्री, आणि 'शा न्वार' या गाजलेल्या कॅबरेची काळ्या मांजराची पाटी. पॅरिसमध्ये घरांना सम-विषम नंबर द्यायची आजची पद्धत १८०५ मध्ये नेपोलियनच्या काळात आली. त्याआधी पत्ता म्हणजे या पाट्याच. 'सोनेरी सिंहाच्या समोर' किंवा 'तीन चाव्यांच्या शेजारी' अशा खुणा.

आणि तिथे उभा असताना मी मनातल्या मनात हसत होतो. आपण वेगळं काय केलं? जिलब्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. हे देव होतेच, पण हे पत्तेही होते. फरक असा की त्यांनी आपल्या पाट्या गोळा करून भिंतीवर लावल्या आणि मुलांना शिकवल्या. आपण नवीन कॉम्प्लेक्स उभं राहिलं की जुनी पाटी भंगारात देतो आणि फ्लेक्स लावतो. आपल्या एखाद्या म्युझियममध्ये जुन्या मंगल कार्यालयाची पाटी, छापखान्याची पाटी, 'येथे पत्रे डाग देऊन मिळतील' अशी पाटी मांडलेली मी तरी अजून पाहिलेली नाही. तलवारी मात्र सगळीकडे आहेत.

तलवारींना माझा विरोध नाही. पण शहर तलवारीवर चालत नाही. ते पाणक्या, शिंपी, तांबट, कासार, मोलकरीण, मास्तर, खाणावळवाली बाई यांच्यावर चालतं. त्यांचा इतिहास कुठे ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे म्युझियम झालं कसं?

१८५३ ते १८७० या काळात ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळावर जुनं पॅरिस अक्षरशः फोडून काढलं. आज आपण ज्या रुंद, सरळ, झाडांच्या रस्त्यांचे फोटो काढतो, ते त्याचेच. त्याच्यासाठी मध्ययुगीन गल्ल्या, वाडे, चाळीवजा घरं, सगळं पाडलं. हजारो गरीब कुटुंबं शहराच्या कडेला फेकली गेली. आणि याच ओस्मानच्या सूचनेवरून १८६६ मध्ये पालिकेने कार्नाव्हाले वाडा विकत घेतला. कशासाठी? शहराच्या इतिहासाचं म्युझियम करायला!

म्हणजे एका हाताने बुलडोझर आणि दुसऱ्या हाताने स्मारक. वाड्याच्या बागेत फिरलात तर हे डोळ्यांनी दिसतं. पाडलेल्या इमारतींचे तुकडे तिथे आणून बसवले आहेत. कुठली कमान, कुठला दर्शनी भाग, कापड व्यापाऱ्यांच्या संघाच्या इमारतीची अख्खी दर्शनी भिंत. दिसायला सुंदरच. पण ते तुकडे बघताना मला केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल आठवत होता, जो मूळ कोथरूडचा. वाचला हे खरं, आणि कोथरूडमध्ये नाही हेही खरं.

म्हणून म्युझियम बघून भारावून जाणाऱ्यांना मी एक सांगेन. म्युझियम काढलं म्हणजे शहर पाडायचा परवाना मिळाला असं होत नाही. आपल्याकडे हे नाटक आता सुरू झालंय. आधी इमारत पडू द्यायची, मग तिच्या जागी स्मारकाची घोषणा करायची आणि भूमिपूजनाचे फ्लेक्स लावायचे.

तरीपण ओस्मानच्या पालिकेने एक गोष्ट केली, जी आपण करत नाही. पाडायच्या आधी फोटो काढून ठेवले. शार्ल मार्व्हिल नावाच्या छायाचित्रकाराला पालिकेने अधिकृतपणे कामाला लावलं आणि पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे चारशेहून जास्त फोटो काढून घेतले. १८६० च्या दशकात! तेव्हा फोटो काढणं म्हणजे काचेच्या प्लेटा, रसायनं आणि जड लाकडी कॅमेरा वाहून नेणं. पुढे युजीन आत्जे नावाच्या माणसाने आयुष्यभर जुन्या पॅरिसचे फोटो काढले आणि त्याच्या गिऱ्हाइकांत हे म्युझियमही होतं. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आणि गेल्या वीस वर्षांत पुण्याच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या जुन्या भागात पाडलेल्या वाड्यांचे पाडण्याआधी रीतसर काढलेले फोटो आणि नकाशे मला कोणी एका जागी दाखवावेत. वाडा पाडायला परवानगी लागते, दाखला लागतो, शुल्क लागतं. त्याच अर्जासोबत 'इमारतीची चोवीस छायाचित्रे व मोजमापाचा नकाशा जोडावा' अशी एक ओळ टाकायला किती खर्च येईल? सांगा ना.

माझ्या आत्याचा वाडा पडला तेव्हा मी तिथे होतो. सुरूच्या खोडांचे खांब, महिरपी, देवळ्या, सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने वजनावर उचललं. त्यातले दोन खांब आता कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये कॉफीच्या टेबलाशेजारी उभे असतील. त्या वाड्यात एकोणीस बिऱ्हाडं होती. कोण कुठून आलं, कोणी काय धंदा केला, पानशेतच्या पुरात कोणाचं काय गेलं, याची एकही ओळ कुठे लिहिलेली नाही. आत्या गेली, तेही गेलं.

दुसरा प्रसंग १८७१ चा. पॅरिस कम्यूनच्या शेवटच्या आठवड्यात महापालिकेची इमारत जळाली. तिच्यासोबत शहराचं ग्रंथालय जळालं, जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदवह्या जळाल्या. शहराची स्मृती एका आठवड्यात राख झाली म्हणा ना. तेव्हा झ्यूल कुझाँ नावाच्या ग्रंथपालाने स्वतःचा खासगी संग्रह, हजारो पुस्तकं आणि चित्रं, शहराला देऊन टाकला. तो कार्नाव्हालेत ठेवला आणि त्यातून पुन्हा उभं राहायला सुरुवात झाली. १८८० मध्ये म्युझियम लोकांना खुलं झालं.

आपल्याकडेही असे कुझाँ झालेत, त्याचा अभिमान वाटतो. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, भांडी असं घरगुती वैभव एकेक करून जमवलं आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने सरकारच्या स्वाधीन केलं. एका माणसाने एवढं केलं. पण मग आपल्या पालिकांनी काय केलं? आमच्या एका पालिकेच्या कार्यालयात मी जुन्या घराची नोंद शोधायला गेलो होतो. जिन्याखाली गठ्ठे पडलेले, वरून पाणी गळतंय. तिथला माणूस अगदी सहज म्हणाला, "साहेब, वरची दोन वर्षं मिळतील, खालचं वाळवीने खाल्लंय." त्याला दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही की हे मोलाचं आहे. पॅरिसला स्मृती घालवायला आग लागली. आम्हाला वाळवी पुरते.

आता थोडं राजकारणाबद्दल, कारण इतिहास म्हटला की ते येणारच.

कार्नाव्हालेच्या चौकात शिरल्या शिरल्या समोर कोण उभा आहे? चौदावा लुई. रोमन सम्राटाच्या वेषात, काशाचा, १६८९ चा, क्वाझ्व्हो या शिल्पकाराने केलेला. फ्रेंच राज्यक्रांतीत राजांचे पुतळे पाडले, वितळवले. जे मोजके वाचले त्यात हा. आणि त्याच म्युझियममध्ये क्रांतीचा सगळ्यात मोठा संग्रह आहे. बास्तीयचा तुरुंग पाडला पालुआ नावाच्या ठेकेदाराने. पठ्ठ्याने त्याच दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती कोरून घेतल्या आणि फ्रान्सच्या ८३ विभागांना एकेक पाठवली. मार्केटिंग तेव्हाही होतं! तशी एक प्रतिकृती इथे आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं ल बार्बिएने केलेलं मोठं चित्र इथे आहे. कैदेत ठेवलेल्या राजाच्या कुटुंबाच्या घरगुती वस्तूही इथेच आहेत. आणि ज्याच्या काळात गिलोटिनचं पातं थांबत नव्हतं, त्या रोबेस्पिएरने पकडला जाताना अर्धवट सही केलेला कागदही याच संग्रहात आहे. सहीची पहिली दोन अक्षरं, आणि पुढे डाग. रक्ताचे म्हणतात.

शेजारचा जो वाडा १९८९ मध्ये म्युझियमला जोडला, तो ल पेलतिए घराण्याचा. या घराण्यातल्या मिशेलने राजाला मृत्युदंड द्यावा असं मत दिलं आणि राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा खून झाला. म्हणजे एकाच आवारात राजा, राजाला मारणारे आणि राजासाठी मारणारे, तिघांचाही इतिहास नांदतोय. कोणी कोणाची काच फोडत नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे म्युझियमची कल्पना देवळासारखी आहे. आत जायचं, नमस्कार करायचा, बाहेर यायचं. गैरसोयीचं काही दिसता कामा नये. पुण्याचं खरंखुरं नगर संग्रहालय करायचं तर त्यात पेशव्यांचा ऐश्वर्याचा काळ हवा तसा त्याच काळातला अस्पृश्यांवरचा जाचही हवा. १८९७ चा प्लेग हवा, रँडचा खून हवा, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच वर्षी गेलेल्या सावित्रीबाईही हव्यात. सोयीची पानं फाडून ठेवली की ते म्युझियम राहत नाही, ती प्रचाराची पुस्तिका होते.

सावित्रीबाईंचं नाव आलंच आहे तर भिडे वाड्याबद्दल बोललंच पाहिजे. १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू झाली तो वाडा. स्मारक करायचं सगळ्यांनाच मान्य होतं. पण ती जागा, तिथली दुकानं, भाडेकरू, मोबदला, कोर्ट यात वर्षांमागून वर्षं गेली. निकाल लागेपर्यंत वाड्याचा खुळखुळा झाला होता आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. आता तिथे स्मारक होईल. व्हावंच. भव्य व्हावं. पण ज्या खोलीत त्या पहिल्या मुली येऊन बसल्या ती खोली कोणतंही स्मारक परत देऊ शकणार नाही. यात एकट्या कोणाला खलनायक करायची माझी इच्छा नाही. पण सगळे सहमत असतानाही वास्तू वाचत नसेल, तर आपल्या पद्धतीतच काहीतरी मोडलेलं आहे.

काय मोडलंय ते मला दिसतं तसं सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचं होतं. पण मालकाला दहा-वीस रुपये भाड्यात कौलं शाकारणं परवडेना. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, भिंती फुगत जातात. मग एका पावसाळ्यात पालिकेची 'धोकादायक इमारत' नोटीस येते आणि बिल्डर पेढे घेऊन येतो. यात वारसा जपा म्हणून भाषण देणारा माणूस दोघांनाही शत्रू वाटतो, आणि का वाटू नये? सामाईक संडास, रात्री पावसात छत्री घेऊन चौकातून जायचं, वरून माती पडते. 'किती छान महिरप आहे' म्हणणारा पाहुणा संध्याकाळी आपल्या फ्लॅटवर जातो. वाड्यात राहणाऱ्याला लिफ्ट हवी असते आणि त्यात त्याचं काहीही चूक नाही.

मारे या पॅरिसच्या ज्या भागात कार्नाव्हाले आहे, तिथेही हेच होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या वाड्यांची दुर्दशा झालेली. चौकांत शेड टाकून कारखाने, एकेका खोलीत एकेक कुटुंब. १९६२ मध्ये तिथे एक कायदा आला, मालरो या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा. त्याचं तत्त्व असं की एखाददुसरी इमारत नव्हे, तर अख्खा परिसर वारसा म्हणून जपायचा. पुढे दुरुस्ती करणाऱ्या मालकांना करात सवलतही मिळाली. मारे वाचला.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मारे वाचला, मारेचे लोक मात्र बरेचसे गेले. भाव वाढले. कारागीर, छोटे शिंपी, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गरीब कुटुंबं हळूहळू बाहेर पडली. आज त्या गल्ल्यांत महागडी अत्तरं आणि बुटिकं आहेत. दगड वाचवायचे आणि माणसं घालवायची, हा सौदा मला तरी मान्य नाही. आपण कायदा करू तेव्हा भाडेकरूला त्याच परिसरात घर, हे पहिलं कलम असलं पाहिजे. मादाम सेव्हिन्ये भाडेकरू होत्या हे विसरू नका.

शेवटचा मुद्दा, म्युझियम कोणासाठी? कार्नाव्हाले २०१६ च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद होतं, मे २०२१ मध्ये पुन्हा उघडलं. उघडताना त्यांनी साधारण दहा टक्के वस्तू मुद्दाम लहान मुलांच्या उंचीवर लावल्या. मी बघितलं, एक शिक्षिका पोरांना घेऊन जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि पोरं बोट दाखवून प्रश्न विचारत होती. कोणी 'शूऽऽ' करत नव्हतं. काही फलकांवर त्यांनी रोमन आकडे काढून साधे आकडे घातले, तर त्यावर इटलीपर्यंत ओरड झाली, संस्कृती बुडाली म्हणून. मला विचाराल तर बरं केलं. इतिहास समजणं महत्त्वाचं, आकडा कोणत्या लिपीत आहे हे नंतर. आपल्याकडच्या पाट्या आठवा. 'पात्र. धातू. १८ वे शतक.' संपलं. कसलं पात्र? कोणी वापरलं? त्यात काय शिजायचं?

पॅरिसने २००१ मध्ये पालिकेच्या म्युझियममधले कायमचे संग्रह फुकट केले. २०२० मध्ये लाखभर वस्तूंचे फोटो इंटरनेटवर खुले केले. कोणीही घ्या, छापा, वापरा. विचार असा की हे नागरिकांच्या पैशातून जमलंय, तर ते नागरिकांचंच आहे.

'पॅरिस श्रीमंत आहे हो, आमच्याकडे नळाला पाणी नाही', हे कोणीतरी म्हणणारच. मान्य. म्हणून मी कोटींच्या गोष्टी मागत नाही. मागणी एवढीच:

१) जुनी इमारत पाडण्याच्या परवानगीआधी फोटो, मोजमापाचा नकाशा आणि तिथे राहिलेल्यांच्या तोंडच्या आठवणी यांची नोंद सक्तीची करा. वास्तुकलेच्या कॉलेजांतली मुलं हे काम आनंदाने करतील.

२) पालिकेच्या ताब्यात जे वाडे आहेत त्यातला निदान एक, पूर्णपणे त्या शहराच्या इतिहासाला द्या. पुण्यात विश्रामबाग वाड्यात शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आहेच. एके काळी महापालिकेचा कारभारही तिथून चालला. यापेक्षा योग्य जागा कोणती?

३) पालिकेची जुनी दप्तरं वाळवीच्या आधी स्कॅन करा आणि लोकांना खुली करा.

४) प्रवेश फुकट, पाट्या साध्या मराठीत, आणि काही वस्तू पोरांच्या उंचीवर.

५) वारसा जपण्याचा कुठलाही नियम भाडेकरूच्या घराची सोय लावल्याशिवाय करू नका.

आणि पालिका करेल तेव्हा करेल. तोवर आपण काय करू शकतो? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर आज मोबाईल ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. तुम्ही राहायचात त्या गल्लीत कोणकोणती दुकानं होती, एवढंच विचारा. बाकीचं ते आपोआप सांगतील. जुना वाडा, चाळ, गिरणी, टॉकीज, जे काही उभं आहे त्याचा फोटो काढा, आतूनही काढा, तारीख आणि पत्ता लिहून ठेवा.

तुमच्या गावात शहराच्या इतिहासाचं म्युझियम करायचं झालं तर कोणता वाडा योग्य ठरेल, आणि त्यात पहिली वस्तू कोणती ठेवाल? खाली लिहा. तलवार सोडून.